जुनी होडी आणि जुने इंजिन



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा प्रथम मला वाटले, की पत्ता चुकला असावा. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर, इतिहासावर, राज्यकारभारावर व्याख्याने होतात, आणि ती मागच्या रांगेत बसून मीही अनेकदा ऐकली आहेत. माझा स्वतःचा जन्म गेला तो वेसाव्याच्या खाडीवर होड्यांमध्ये इंजिने बसवण्यात. ज्या माणसाला आयुष्यभर इंजिनाच्या वरताण ओरडून बोलायची सवय, त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक ठेवण्याचे धैर्य चालकांनी केले आहे. त्याचे परिणाम आपणां सर्वांना तासभर भोगावे लागतील. आपण शहराची माणसे त्यांना वर्सोवा म्हणता, मी वेसावे म्हणणार. तेवढी एक सवलत मला असावी.

माझ्याकडे जो माणूस येतो तो एकच प्रश्न विचारतो : जुने इंजिन घ्यायचे आहे, कोणते घेऊ? नवे घेण्याची ऐपत असणारा माझ्याकडे विचारायला येत नाही. त्याला कंपनीचा माणूस घरी येऊन भेटतो. जुने घेणारा मात्र कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार फेऱ्या मारून, दोन इंजिने डोळ्यांत भरवून येतो आणि दोहोंपैकी एकावर मी बोट ठेवावे एवढीच त्याची अपेक्षा असते. मी विचारतो, "होडी कुठे आहे?" तो चकित होतो. होडीचा येथे काय संबंध? होडी तर घरचीच आहे! आजच्या व्याख्यानात मला जे काही सांगायचे आहे ते या उत्तरात दडलेले आहे. इंजिन जुने, होडीही जुनी. दोघांनी आपापले अर्धे आयुष्य दुसरीकडे काढलेले. त्या दोघांना एकत्र धरून ठेवणारे चार बोल्ट, दोन लाकडी ओंडके आणि एक कप्लिंग यांच्याकडे कोणी पाहत नाही, कारण ते विकत घ्यायच्या यादीत नसतात. आणि समुद्रात जे काही बिघडते त्यातले पुष्कळसे तेथेच बिघडते.

थोडे मागे जातो. पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या होड्या इंजिन बसवण्याला मुळातच सोयीच्या. त्यांना तळाशी लांब सरळ लाकडी कणा असतो, त्यावर फासळ्या, फासळ्यांवर सागाच्या फळ्या; पोट रुंद आणि नाळ निमुळती. अशा होडीच्या पिछाडीला कण्यातून किंवा कण्याच्या बगलेने भोक पाडून शाफ्ट बाहेर काढता येतो. पूर्व किनाऱ्यावरच्या कट्टुमरमला, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्याला, हे भोक पाडणार कुठे? म्हणून १९५०च्या दशकात मुंबई राज्यात सरकारी मदतीने होड्यांवर इंजिने चढू लागली तेव्हा सातपाटी, वेसावे या गावांतल्या जुन्या घडणीच्या होड्यांनीच ती सामावून घेतली. १९५३च्या सुमारास केरळात नॉर्वेच्या साहाय्याने प्रकल्प सुरू झाला. तेथे मात्र नव्या घडणीच्या बोटी बांधण्यावर बराच भर द्यावा लागला. आपल्याकडे वाडवडिलांच्या होडीच्या पोटात जागा होतीच. १९६१ साली निघालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आज वेसाव्यातच, यारी रोडच्या बाजूला उभी आहे. तिच्या भिंतीपलीकडे या विषयाचे शास्त्र शिकवतात. मी आपल्याला भिंतीअलीकडची गोष्ट सांगतो आहे.

आता निवडीकडे येऊ. इंजिन निवडण्याआधी होडी मोजावी. टेप घेऊन, पाण्यात बुडते तेवढीच लांबी मोजावी, नाळेच्या टोकापासूनची नव्हे. समजा ती छत्तीस फूट भरली. छत्तीसचे वर्गमूळ सहा, त्याला १.३४ने गुणले की आठ येतात. ही होडी ताशी आठ सागरी मैलांच्या पलीकडे सुखाने जाणार नाही. का? तर चालणारी होडी स्वतःच एक लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी होडीच्या लांबीपलीकडे गेली, की नाळ एका लाटेवर आणि पिछाडी खळग्यात, अशी होडी आपणच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. मग किती का घोडे जुंपेनात!

घोडे म्हटले म्हणून सांगतो. वेग आणि शक्ती यांचा हिशेब सरळ नाही, तो घनाचा आहे. सात मैलांऐवजी आठ मैल हवे असतील तर शक्ती सातास आठ नव्हे, जवळजवळ दीडपट लागते. आणि वर सांगितलेल्या मर्यादेच्या जवळ तर त्याहूनही अधिक. डिझेल त्याच प्रमाणात जळते. तरीही शेजाऱ्याने शंभर घोड्यांचे बसवले म्हणून आपण एकशे वीसचे बसवायचे, ही स्पर्धा आमच्या खाडीवर चालते. लग्नातल्या बँडसारखे आहे ते. आवाज मोठा, आणि वरात पोहोचते त्याच वेळेला.

पंख्याचाही हिशेब असाच ध्यानात घ्यावा. इंजिन मिनिटाला अठराशे फेरे घेते, गिअर तीनास एक; म्हणजे पंखा सहाशे फेरे घेणार. पंख्याच्या पात्यांचा पीळ असा, की लाकडातल्या स्क्रूप्रमाणे तो एका फेऱ्यात वीस इंच पुढे सरकावा. सहाशे गुणिले वीस, बारा हजार इंच, म्हणजे मिनिटाला हजार फूट, म्हणजे ताशी साठ हजार फूट. सागरी मैलांत हे जवळजवळ दहा मैल भरतात. प्रत्यक्षात होडी सात मैल चालते. उरलेले तीन मैल कुठे गेले? पाणी लाकूड नव्हे. पंखा त्यात घसरतो. एवढी घसर आपल्या जड होड्यांना स्वाभाविकच आहे. पण गिअर बदलला आणि पंखा जुनाच ठेवला, तर हा सगळा मेळ मोडतो, आणि चांगल्या इंजिनाच्या नावाने बोटे मोडली जातात. पंख्याच्या बाबतीत जाणत्यांचेही अंदाज चुकतात. १८३६ साली इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने स्क्रूच्या पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा पहिला पंखा लाकडी आणि दोन वेढ्यांचा होता. १८३७ साली कालव्यात चाचणी चालू असता तो कशावर तरी आपटून निम्मा मोडून पडला, आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली!

होडी मोजून झाली, आता बाजारात जाऊ. विकणारा इंजिन चालू करून दाखवतोच. तो दाखवण्याआधी आपण इंजिनाला हात लावून पाहावे. ते कोमट लागले तर समजावे, की आपल्या स्वागताची तयारी आधीच झाली आहे. थंड इंजिन किती प्रयत्नांनी उठते हीच तर खरी परीक्षा. मग धूर पाहावा. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. नोझल किंवा हवेची वाट पाहावी लागेल, आणि हा दोष पुष्कळदा थोडक्यात निघतो. निळा धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे; लायनर, रिंगा झिजल्या. पांढरा धूर थंडपणी थोडा येतोच, पण इंजिन तापल्यावरही तो हटत नसेल तर सिलिंडरात पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. तेल मोजायची पट्टी ओढून पाहावी. तेल ताकासारखे दिसले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

एवढे सारे जाणते लोक पाहतात. एक गोष्ट मात्र राहून जाते. बाजारातली बरीच जुनी इंजिने ट्रकमधून उतरलेली असतात, आणि ट्रक व होडी यांच्यात एक मूलभूत भेद आहे. ट्रकचे इंजिन चाके फिरवते. चाके रस्त्याला रेटतात, आणि तो रेटा धुऱ्यामार्फत सांगाड्याला मिळतो. इंजिनाला त्याची वार्ताही नसते. होडीत पंखा पाण्याला मागे रेटतो आणि पाणी पंख्याला पुढे रेटते. तो सगळा रेटा शाफ्टमधून सरळ आत येतो. आपली होडी पुढे जाते ती त्या रेट्यावर. तो झेलायला सागरी गिअरमध्ये खास बेअरिंग असते. ते नसलेला गिअर लावला, तर संपूर्ण होडी इंजिनाच्या क्रँकला ढकलत राहते. दुसरे असे, की शाफ्ट पिछाडीकडे उतरता असतो, म्हणून इंजिनही थोडे कलते बसते. ट्रकचे तेलाचे भांडे सपाट रस्त्यासाठी केलेले, त्यातले तेल एका टोकाला जाऊन बसते आणि दुसऱ्या टोकाचा पंप कोरडा ओढतो. किती कल चालेल हे बनवणारा सांगतो. ते विचारूनच पैसे मोजावेत.

आता इंजिन घरी आले. गिअरसकट अर्ध्या टनाहून अधिक वजनाचे हे धूड बसवायचे कशावर? होडीच्या पोटात कण्याच्या दोन्ही अंगांना दोन लांब लाकडी ओंडके बसवलेले असतात, त्याला आम्ही बेड म्हणतो. हा बेड जितका लांब तितका चांगला, कारण इंजिनाचे वजन आणि धक्का जास्तीत जास्त फासळ्यांवर वाटला जातो. पूर्वीचे इंजिन लहान होते म्हणून आखूड बेड घातलेला असतो. त्यावर मोठे इंजिन चढवतात, आणि दोन फासळ्यांच्या माथी सगळा भार येतो. शिवाय वर्षानुवर्षे टपकलेल्या डिझेलने आणि तेलाने ते लाकूड आतून भिजून मऊ झालेले असते. वरून रंग काय उत्तम! हातोडीने ठोकावे, निरोगी लाकूड टणत्कार करते, कुजलेले ढबढबते. टोच्या खुपसून पाहावा. आणि मग जुनी भोके मोजावीत.

ही जुनी भोके म्हणजे जुन्या वस्तूंच्या व्यवहारातला माझा आवडता विषय, आणि त्याबद्दल एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझा एक भाचा गुलमर्गला जाऊन बर्फावर घसरण्याचे, स्कीइंगचे, शिक्षण घेऊन आला. वेसाव्याच्या मुलाला बर्फाचे वेड लागावे हा काळाचा महिमा! परदेशाहून आलेल्या ओळखीच्या एका गृहस्थाकडून त्याने वापरलेल्या स्कींची जोडी घेतली, बूट स्वतःचे घेतले, आणि बूट त्या लांब फळीला धरून ठेवणारी खटक्यांची जोडणी, तिला बाइंडिंग म्हणतात, ती आणखी तिसरीकडून मिळवली. सगळे घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "मामा, चार भोके पाडून द्या." मी फळी हातात घेतली तर तिच्यावर आधीची भोके होतीच. आधीच्या मालकाचा पाय वेगळा, बूट वेगळा, म्हणून त्याची भोकेही वेगळ्या जागी.

मला ती फळी अगदी माझ्या बेडसारखी वाटली. मध्ये लाकडाचा गाभा, वर पातळ थर, आणि स्क्रू धरायला जेमतेम जागा. तिथे मोठ्या माणसाच्या फळीत भोक जायचे ते फक्त नऊ मिलिमीटर खोल; त्याहून अधिक गेले तर खालचा थर फुटतो. ड्रिलच्या पात्याला मी अडसर लावून घेतला. जुनी भोके बुच आणि पाण्याने न सुटणारा गोंद भरून बंद केली, कारण उघड्या भोकातून पाणी गाभ्यात शिरते आणि लाकूड फुगते. नवे भोक जुन्यापासून निदान सेंटिमीटरभर लांब ठेवले. जुन्या भोकाच्या काठावर नवे पाडले, की दोन्ही मिळून एक लांबट खाच होते, आणि तिच्यात स्क्रू फक्त शोभेला राहतो. भोके पाडण्याआधी बूट जोडणीत ठेवून तळव्याची लांबी जुळवली, बुटाचा मध्य फळीवरच्या खुणेवर आणला. बाइंडिंग फार जुनी असती तर मी ती हाती घेतली नसती. तिचे प्लास्टिक ठिसूळ होते, स्प्रिंग शिणते, आणि ठरावीक वर्षांनंतर बनवणारेही तिची जबाबदारी घेत नाहीत.

एवढे सगळे केले, पण तिच्यावरचा आकडा मी लावला नाही. माणूस पडला, की त्या जोडणीने बूट सोडून द्यायचा असतो. नाही तर लांब फळीच्या पिळाने पाय मोडतो. किती जोराने सोडायचे ते माणसाचे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि त्याचे कौशल्य यांवरून ठरते. ते जाणणाऱ्याकडूनच आकडा लावून घे, असे मी भाच्याला बजावले. माझ्या धंद्यात या अवस्थेतली विद्या नाही. तिथे जोडणी वेळेवर सुटली पाहिजे, माझ्याकडे ती कधीच सुटता कामा नये. नाही म्हणायला, लहान आउटबोर्ड मोटरीच्या पंख्यात मऊ धातूची एक पिन असते. पंखा खडकावर आपटला तर ती तुटते आणि गिअर वाचतो. बाकी आमच्याकडे सुटणे म्हणजे संकटच.

होडीच्या बेडालाही वर सांगितलेले सगळे नियम लागू आहेत, फक्त मिलिमीटरांच्या जागी इंच घालायचे. जुने भोक त्याच जातीच्या लाकडाची खुंटी गोंदासकट ठोकून बुजवावे. चिंध्या आणि डांबर भरून नव्हे. नवे भोक त्यापासून दूर पाडावे. इंजिनाचे पाय आणि भोके जुळत नसतील तर मध्ये लोखंडी पट्टी घ्यावी, पण बोल्ट वाकडा मारू नये. बोल्ट लाकडाच्या आरपार गेलेला असावा आणि खाली मोठी जाड वॉशर असावी. नुसता लाकडात पिळून घातलेला स्क्रू इंजिनाच्या थरथरीने वर्षभरात आपले घर मोठे करतो. आणि बेडाची भोकांनी चाळण झाली असेल तर बेडच बदलावा. येथे पैसे वाचवणारा माणूस मी रोज पाहतो. तो इंजिनाला लाख रुपये देऊन येतो आणि लाकडापाशी हात आखडतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, आणि ती माझ्याच चुकीची आहे.

१९७९ साल. मी तेव्हा बावीस वर्षांचा, एका कारखान्यात चार वर्षे उमेदवारी करून हातात हत्यार धरू लागलेला. माझ्या मामांची डोलीची होडी होती. जुने इंजिन थकले म्हणून त्यांनी वापरलेले एक इंजिन घेतले. मामीच्या पाटल्या त्यात गेल्या हे मला नंतर कळले. इंजिन मी पारखले होते, आणि ते खरोखरच चांगले होते. पावसाळ्यात होडी वाळूत ओढून, टेकू लावून, शाकारून ठेवलेली. त्या शाकाराखाली बसून मी बेड नीट केला, इंजिन बसवले, शाफ्ट जोडला.

जोडणे म्हणजे काय ते सांगतो. गिअरच्या तोंडाशी एक वाटोळी चकती असते, शाफ्टच्या टोकाशी दुसरी. दोन्ही समोरासमोर आणून बोल्टांनी आवळायच्या, ती कप्लिंग. आवळण्यापूर्वी त्या एकमेकींना तंतोतंत समांतर हव्यात. चकत्यांमधल्या फटीत पातळ पोलादी पाते सरकवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे मोजायचे. त्या पात्यांच्या जुडग्याला फीलर गेज म्हणतात. चकतीच्या दर इंची व्यासामागे एक हजारांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. सहा इंची चकतीला सहा हजारांश. आपल्या वहीचा कागद साधारण चार हजारांश असतो. म्हणजे अर्ध्या टनाचे इंजिन दीड कागदाच्या आत जुळवायचे. मी ते जुळवले. तीन हजारांशांच्या आत आणले आणि मामांना अभिमानाने दाखवलेही.

माझी चूक मोजण्यात नव्हती. मी मोजले ते वाळूवर. होडी वाळूत असते तेव्हा तिचे वजन कण्यावर आणि चार टेकूंवर असते. टेकू नाहीत तेथे ती किंचित लोंबते. पाण्यात उतरली, की पाणी तिला सगळीकडून उचलते आणि तिचा आकार बदलतो. वाळलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, तसा आणखी बदलतो. डोळ्यांना काही दिसत नाही. पण मला हजारांशांचा हिशेब करायचा होता, आणि होडी इंचाच्या भाषेत हलत होती. होडी उतरवून दोन-चार दिवस तरी पाण्यात राहू द्यायची आणि मग कप्लिंग सोडून पुन्हा मोजायचे, हे मला शिकवलेले होते. पण नारळी पौर्णिमा झाली होती, सगळ्या होड्या बाहेर पडत होत्या, पहिल्या दिवसांतला बोंबील दुसऱ्यांच्या वलांडीवर चढत होता. मामांनी विचारले, "काय रे, सगळे बरोबर ना?" मी म्हणालो, "बरोबर."

इंजिन नवे बसवलेले म्हणून मीही बरोबर गेलो. पहिल्याच दिवशी पायांखालच्या फळ्यांत एक बारीक थरथर लागत होती. शाफ्ट होडीबाहेर जातो तेथे पाणी अडवायला ग्लँड असते, तिच्यात वंगण लावलेली वळकटी, पॅकिंग, दाबून भरलेली असते. तिला हात लावला तर ती गरम. मामांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, "नवे पॅकिंग आहे, बसेल." हे दुसरे उत्तर मला पहिल्याहून अधिक टोचते. पहिले अज्ञानाने दिले असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी माझा हात भाजला होता.

शाफ्ट मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल आणि जोड किंचित वाकडा असेल, तर शाफ्ट ताशी छत्तीस हजार वेळा वाकवला जातो. चौथ्या रात्री, डोल उपसून परतताना, कप्लिंगचे बोल्ट एकामागून एक तुटले. इंजिन एकदम मोकळे सुटल्यासारखे किंचाळले. शाफ्ट मागे सरकला आणि पंखा सुकाणूला जाऊन भिडला. ग्लँडमधले पॅकिंग तोवर जळून गेलेले. कंदील खाली धरला तेव्हा पाणी तळफळ्यांच्या वर आले होते. पाण्याखाली अडीच फुटांवर दोन इंची भोक उघडे पडले तर मिनिटाला अडीचशे लिटरांहून अधिक पाणी आत येते. आमचे भोक शाफ्टने अर्धवट बुजलेले होते म्हणून मी आज येथे उभा आहे. एका खलाशाने आपली गोधडी फाडून दिली. तिच्या पट्ट्या ग्रीसमध्ये बुडवून मी त्या फटीत लाकडी पाचरीने ठोकत राहिलो, आणि बाकीचे सहाजण डब्यांनी पाणी उपसत राहिले. सुकाणू अडकलेले, इंजिन निकामी. पहाटे मढची एक होडी दिसली. तिने दोर टाकून ओढत आणले.

कोणाचा प्राण गेला नाही. हंगामाचे सुरुवातीचे दिवस गेले, आणि पाटल्या पुढे तीन वर्षे सुटल्या नाहीत. मामा मला रागे भरले नाहीत. किनाऱ्याला लागल्यावर ते इंजिनाकडे पाहत एवढेच म्हणाले, "इंजिन चांगले आहे रे." ते खरेच चांगले होते. त्याच इंजिनाने त्याच होडीत पुढे अकरा हंगाम काढले.

तेव्हापासून मी एक रीत धरली आहे, ती कोणालाही करता येईल. वाळूवर जुळवणी करावी, पण ती कच्ची समजावी. होडी पाण्यात उतरवावी, टाक्या भराव्यात, बर्फ आणि जाळी नेहमीप्रमाणे चढवावीत, आणि ती पाणी पिऊन स्वस्थ झाली, की कप्लिंग सोडून पुन्हा मोजावे. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून आणखी एकदा मोजावे. फरक शाफ्टबरोबर फिरला तर दोष चकतीत किंवा शाफ्टमध्ये आहे, जागेवर राहिला तर जुळवणीत. इंजिनाच्या पायांखाली पातळ पत्रे घालून उंची साधावी. लाकडी पाचर घालू नये, ती चिरडते. ग्लँड इतकीच आवळावी, की शाफ्ट फिरताना मिनिटाला चार-दोन थेंब पाणी पडत राहील. एकही थेंब पडू नये म्हणून आवळणारे हौशी लोक असतात. त्यांचे पॅकिंग कोरडे पडून जळते. ते थेंबच तिचे वंगण.

जस्ताचे एक वाक्य सांगून टाकतो, नाही तर विसरेन. पितळी-काशाचा पंखा आणि पोलादी शाफ्ट खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की विजेचा घट तयार होतो आणि त्यात पोलाद झिजते. जस्ताचा तुकडा शाफ्टला जोडला तर झिजायचे काम तो आपल्याकडे घेतो. इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली ही युक्ती सुचवली होती. तुकडा थोड्या पैशांचा असतो. निम्मा झिजला, की बदलावा. त्याला रंग मात्र लावू नये. होडी सुंदर दिसावी म्हणून जस्तही रंगवून टाकणारे मी पाहिले आहेत. रंगवलेले जस्त काही करीत नाही.

आता अडचण कुठे येते ते सांगतो, कारण ती यंत्राची नाही. आपल्या किनाऱ्यावर २०१५ सालापासून १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवसांची मासेमारी बंदी आली. होड्या वाळूत असतात त्या याच दिवसांत, आणि सगळी कामे याच दिवसांत होतात. बंदी उठते त्या दिवशी पहिल्या भरतीला बाहेर पडायची सगळ्यांना घाई. पाण्यात उतरल्यानंतरच्या जुळवणीला जे दोन-चार दिवस हवेत, ते नेमके हंगामातले सर्वांत मोलाचे दिवस. मी सांगतो तेव्हा नाखवा माझ्याकडे असा पाहतो, जणू मी त्याच्या जाळ्यातले मासे परत समुद्रात टाकतो आहे. मी त्याला दोष देत नाही. कर्जाचा हप्ता माझ्या दाराशी येत नाही. अलीकडे काहीजण होडी चार दिवस आधीच उतरवून खाडीत नांगरून ठेवू लागले आहेत. मासेमारीला बंदी आहे, होडी पाण्यात उभी ठेवायला नाही. जागा अपुरी, गाळ साचलेला, तरी ते करतात. फायबरच्या होड्यांना लाकडाइतके फुगणे नाही, म्हणून त्यांचे मालक निश्चिंत असतात. पण टेकूंवरून पाण्यात उतरताना त्याही वाकतात, आणि पन्नास तास चालल्यावर त्यांचेही बोल्ट पुन्हा आवळून पाहावे लागतात.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा एकच सांगून बसतो. १९८०च्या हंगामात होडी पाण्यात उतरल्यावर मी मामांना म्हणालो, की आता चार दिवस थांबावे लागेल. त्यांनी काही न बोलता पेटीतून फीलर गेज काढले आणि माझ्या हातात ठेवले. ते त्यांनी स्वतः विकत आणले होते. त्यांना त्यावरचे आकडे वाचता येत नसत, पण चौथ्या दिवशी मी मोजू लागलो, की ते शेजारी येऊन बसत आणि पाते फटीत अडकले, की विचारत, "किती?" ते जुडगे मी आज बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे. फक्त पात्यांना बोटाचा घाम लागू देऊ नये, ती गंजतात.